सिवूचे सूर: ऐकायचे कसे, मांडायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाषाविज्ञानात एमए झालं आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या एखाद्या छोट्या सूरभाषेवर क्षेत्रकाम करायचं आहे आणि घानामधल्या सिवूचं नाव पुढे आलं आहे. मराठी कानाला सूर कळतील का? काही वर्षं शास्त्रीय गाणं शिकल्याचा उपयोग होईल का? आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत नेमकं काय करायचं?

टोनला, म्हणजे शब्दाचा अर्थच बदलणाऱ्या आवाजाच्या चढ-उताराला, इथे 'सूर' म्हणतो, कारण 'स्वर' म्हटलं की अ-आ-इ-ईशी घोळ होतो. सूर कळतील, पण एकेकटा शब्द ऐकून कळणार नाहीत. सूर सापडतो तो सारख्या घडणीच्या शब्दांची रास शेजारी शेजारी ठेवून, एकाच वाक्याच्या साच्यात घालून ऐकल्यावर. गाण्याचा कान शब्द गुणगुणून परत म्हणायला उपयोगी पडतो. त्याच कानाने सरगम लिहायला बसलात, तर मात्र पहिल्याच आठवड्यात वाट चुकते. त्याचं कारण पुढे येईल.

सिवू कुठली ते आधी नीट बघा, कारण इतर भाषांच्या दाटीचा थेट परिणाम तुमच्या नोंदींवर होतो. व्होल्टा सरोवराच्या पूर्वेला, टोगोच्या सीमेलगतच्या डोंगरांत चौदा-पंधरा छोट्या भाषांचा पट्टा आहे. जर्मन अभ्यासकांनी त्यांना 'टोगोच्या उरलेल्या भाषा' असं जरा हिणकस नाव दिलं होतं. आता 'घाना-टोगो डोंगरी भाषा' म्हणतात. अवातिमे, लोग्बा, लिक्पे, सांत्रोकोफी, बुएम या त्यांतल्याच. सिवू बोलणारे लोक स्वतःला मावू म्हणतात, त्यांची भूमी कावू. नकाशावर मात्र तुम्हाला अक्पाफू आणि लोलोबी ही नावं मिळतील, आणि बोलीही त्याच दोन. बोलणाऱ्यांचे अंदाज दहा हजारांपासून पंचवीस हजारांच्या पुढेपर्यंत जातात. गावात राहणारेच मोजले की आकडा खाली येतो, राजधानी आक्राला गेलेले धरले की वर.

शाळा आणि चर्च यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या एवे राहिली आहे. बाजारात आणि प्रवासात अकान चालते, कचेरीत इंग्रजी. घाना सरकार ज्या अकरा भाषांना शिक्षणात आधार देतं, त्यांत सिवू नाही. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला माणूस तीन-चार भाषा सहज बोलणारा असतो, आणि त्यांतल्या एवे व अकान या दोन्ही सूरभाषाच आहेत. एवेमधून शब्द विचारलात की उत्तरात एवेची चाल मिसळते. शक्य तिथे चित्र, वस्तू किंवा कृती दाखवून शब्द काढा. नाइलाज झाला तर इंग्रजीतून विचारा, एवेतून नको. चर्च, शाळा, व्यापार, आकडे यांतले उसने शब्द आपले मूळ सूर घेऊन येतात. त्यांचा गठ्ठा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा, नाहीतर सिवूत नसलेले नमुने 'सापडायला' लागतात.

गावात शिरण्याचा रिवाज पाळायचाच. आक्रापासून होहोए हे गाव साधारण सव्वादोनशे किलोमीटर, त्रोत्रोने, म्हणजे तिथल्या वडाप मिनीबसने, अर्धा दिवस जातो. अक्पाफू-लोलोबीची गावं तिथून जवळ आहेत. प्रमुखाला भेटताना श्नाप्स या कडक दारूची बाटली न्यायची आणि थेट प्रमुखाशी न बोलता त्याच्या प्रवक्त्यामार्फत, म्हणजे त्सियामीमार्फत बोलायचं. लेगोनच्या घाना विद्यापीठातल्या भाषाविज्ञान विभागाशी आधी पत्रव्यवहार केलेला असला की निम्मे प्रश्न सुटतात. एक सावधगिरी: 'हा व्होल्टा प्रांत ना?' असं बेफिकीरपणे विचारू नका. २०१९ मध्ये व्होल्टातून फुटून ओटी हा नवा प्रांत झाला, त्यानंतर सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी यांचा वेगळा ग्वान जिल्हा झाला. आणि त्या गोंधळात डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत इथल्या लोकांना खासदारच निवडता आला नाही. पुढची चार वर्षं त्यांचा संसदेत प्रतिनिधी नव्हता. ही जखम अजून ताजी आहे. संमतीपत्रावर प्रांत-जिल्हा बरोबर लिहिलेला दिसला, तर माणसं तुम्हाला वेगळ्या नजरेनं बघतात.

आता मुख्य काम. सिवूत सुराच्या तीन पातळ्या आहेत: उंच, मधली आणि खालची. शेजारच्या अकानमध्ये दोनच. तिथे 'पापा' दोन्ही अक्षरं उंच म्हटली तर 'चांगलं', खाली-वर म्हटलं तर 'वडील' आणि दोन्ही खाली म्हटली तर 'पंखा'. अशी उदाहरणं पाठ्यपुस्तकात छान दिसतात, आणि म्हणूनच नवखा माणूस गावात जाऊन पहिले पंधरा दिवस असल्या जोड्या शोधण्यात घालवतो. हे करू नका. नेमक्या सुरानेच वेगळ्या होणाऱ्या जोड्या प्रत्येक भाषेत विपुल नसतात. मिळाल्या तरी त्या 'फरक आहे' एवढंच सांगतात. किती पातळ्या आहेत आणि वाक्यात त्यांचं काय होतं, हे सांगत नाहीत.

त्याऐवजी शब्दांची रास जमवा. आफ्रिकी भाषांसाठी तयार केलेली १,७०० शब्दांची यादी इंग्रजी आणि फ्रेंच अर्थांसह मिळते, तीच वापरा. पहिल्या फेरीत हजारेक शब्द पुरतात. प्रत्येक नाम एकवचन आणि अनेकवचनात घ्या, कारण सिवूत नामांचे वर्ग आहेत आणि वर्ग उपसर्गाने कळतो: कावू, सिवू, मावू यांत 'का', 'सि', 'मा' हे उपसर्गच आहेत आणि 'वू' हे मूळ. उपसर्गाला स्वतःचा सूर असतो. तुलना करताना तो बाजूला काढून मूळ शब्दाकडे बघायचं असतं, पण नोंदवताना तो सोडायचा नसतो. क्रियापदांची वही वेगळी. नाम आणि क्रियापद एकाच राशीत टाकलंत तर काहीच जुळणार नाही, कारण बऱ्याच सूरभाषांत क्रियापदांना नामांपेक्षा खूप कमी सूररचना मिळतात.

मग वर्गवारी. एका अक्षराचे मूळ शब्द एकीकडे, दोन अक्षरांचे दुसरीकडे, तीन अक्षरांचे निराळे. दीर्घ आणि नासिक्य स्वरांचे पुन्हा वेगळे. प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर. एका राशीत साठ-सत्तर चिठ्ठ्या झाल्या की भाषिकाला एकेक शब्द म्हणायला सांगा, मग तोच शिट्टीने वाजवायला किंवा तोंड मिटून गुणगुणायला सांगा, आणि 'याची चाल त्याच्यासारखीच आहे का?' एवढाच प्रश्न विचारा. 'हा सूर उंच की खाली?' असं कधीही विचारू नये. त्याचं उत्तर देणं भाषिकाचं काम नाही, शिवाय 'उंच' म्हणजे मोठ्यानं असाही अर्थ घेतला जातो. चार-पाच माणसं एकत्र बसवून चिठ्ठ्यांचे ढीग करायला लावले तर काम जास्त वेगाने होतं आणि वादही तिथल्या तिथे मिटतात. शिट्टी सगळ्यांना जमत नाही. काही ठिकाणी बायकांनी किंवा संध्याकाळनंतर शिट्टी वाजवणं बरं समजत नाहीत. आधी विचारून घ्या.

हे ढीग कच्चे असतात. नुसता सुटा शब्द म्हटला की त्याच्या शेवटाला वाक्य संपल्याचा उतार लागतो. तीन पातळ्यांच्या भाषेत याचा मोठा त्रास होतो: सुट्या शब्दात मधला आणि खालचा वेगळा करायला बाजूला मोजमापच नसतं. सगळी अक्षरं मधली की सगळी खालची, हे नुसत्या कानाने सांगता येत नाही. म्हणून साचा लागतो. 'त्याने अमुक काल पाहिलं' अशा तऱ्हेचं साधं वाक्य, ज्यात तुमचा शब्द मधोमध येतो. एक साचा पुरत नाही. चार हवेत: शब्दाच्या आधी उंच आणि नंतर उंच, आधी उंच नंतर खाली, आधी खाली नंतर उंच, दोन्हीकडे खाली. आता तोच ढीग चारही साच्यांतून काढा. सुटे असताना एकसारखे वाटलेले शब्द इथे फुटून दोन गटांत जातात. हा फुटण्याचा क्षणच तुमच्या विश्लेषणाचा पाया आहे, म्हणून तो तारखेसकट लिहून ठेवा.

साचा निवडताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली, 'अमक्याचं घर', 'अमक्याचा कोंबडा' अशी मालकीची रचना घेणं. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांत या रचनेला स्वतःचा एक निराकार सूर असतो, म्हणजे अक्षर ऐकू येत नाही पण सूर शेजारच्या अक्षरावर बसतो. साच्यानेच शब्द बदलला तर मापायचं काय? दुसरी फसगत स्वरसंधीची. सिवूतल्या काही वर्गांचे उपसर्ग नुसता एक स्वर असतात. आधीचा शब्द स्वरान्त असेल तर दोन स्वर भेटून एक गळतो. अक्षर गेलं तरी त्याचा सूर बऱ्याचदा मागे राहतो आणि उरलेल्या अक्षरावर चढतो, मग सपाट शब्द अचानक चढता-उतरता वाटतो. अशा शब्दांसाठी साच्यात आधी क्षणभर थांबा घेता येईल असं वाक्य ठेवा, आणि थांबून व न थांबता दोन्ही घ्या. तिसरी, प्रश्नार्थक किंवा नकारार्थी साचा. नकारात सूर बदलणं फार साधारण आहे. तो अभ्यासाचा विषय आहे, मोजपट्टी नव्हे.

आता सरगम. ज्याला गाणं येतं तो पहिला शब्द ऐकून मनात षड्ज धरतो आणि बाकीचे त्याच्या तुलनेत लिहितो. दोन-तीन शब्द बरोबर येतात. मग मोठं वाक्य येतं, आणि उंच-खाली-उंच-खाली-उंच अशा ओळीतला प्रत्येक नवा उंच आधीच्या उंचापेक्षा थोडा खाली उतरलेला असतो. समजा पहिला उंच १८० हर्ट्झवर आहे, मधे खालचा १४० वर, तर दुसरा उंच १६५ वर येईल, तिसरा १५० च्या आसपास. पाचव्या-सहाव्या शब्दाला उंच सूर वाक्याच्या सुरुवातीच्या खालच्या सुराइतका उतरतो, आणि तरी भाषिकाला तो उंचच ऐकू येतो, कारण त्याच्या लगतचा खालचा आणखी खाली गेलेला असतो. गाणाऱ्याचा पक्का षड्ज इथे आड येतो. म्हणून तुलना नेहमी लगतच्या अक्षराशीच करा. वाक्याच्या सुरुवातीशी करू नका. नोंदही अक्षराखाली आडव्या रेघांनी करा: आधीच्यापेक्षा वर, तितकीच, खाली. उंच, मधला, खालचा ही नावं विश्लेषण झाल्यावर द्यायची असतात.

ध्वनिमुद्रणाबद्दल वाद घालण्यासारखं फार नाही. वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपीथ्री नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप तर मुळीच नको. डोक्यावर बसणारा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर, थेट समोर नाही, नाहीतर 'प' आणि 'क्प' फुटतात. ध्वनिमुद्रणाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की काम बंद. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीचे कोरडे महिने सोयीचे, फक्त हरमाटन या सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याच्या धुळीपासून यंत्र झाकून ठेवा. दिवसा माणसं शेतावर असतात (अक्पाफूचा भात प्रसिद्ध आहे), शनिवारी अंत्यविधी, रविवारी चर्च. उरतात त्या आठवड्यातल्या सकाळ-संध्याकाळ. एका बैठकीत साठ ते नव्वद शब्द, तासाभराच्या वर नाही. मोबदला तासावर ठरवा. शब्दामागे पैसे ठरवले की माणूस घाई करतो आणि सगळ्या शब्दांना एकच चाल लागते. यादी सरळ वाचायला दिली तरी तेच होतं: मधल्या शब्दांना 'अजून आहे' असा चढ, शेवटच्याला उतार. चिठ्ठ्या पिसून द्या, प्रत्येक शब्द तीनदा घ्या आणि मापताना मधलं उच्चारण वापरा. किमान चार भाषिक, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. अक्पाफू आणि लोलोबी वेगळे ठेवा, त्यांची सरासरी काढू नका.

प्रात हे आवाजाचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर कानानंतर उघडायचं. ढीग पक्के होण्याआधी आलेख बघितला की प्रत्येक वाकडी रेघ सूर वाटायला लागते. घोष व्यंजनं (ब, द, ग) पुढच्या स्वराची सुरुवात खाली ओढतात, अघोष वर ढकलतात. एवेमध्ये तर या व्यंजनांनी सूरव्यवस्थेतच फरक पडतो. 'इ' आणि 'उ' हे 'आ'पेक्षा जात्याच थोडे उंच असतात. त्यामुळे मापनासाठी म, न, ल अशा व्यंजनांचे आणि एकाच स्वराचे शब्द निवडा. प्रातमध्ये सूर शोधायचा पट्टा पुरुषांसाठी ७५ ते ३००, स्त्रियांसाठी १०० ते ५०० हर्ट्झ. वयस्क भाषिकाचा आवाज शब्दाच्या शेवटी घरघरला की यंत्र निम्मी कंप्रता दाखवतं आणि १६० चे एकदम ८० होतात. तो खालचा सूर नव्हे, यंत्राची चूक आहे.

सुरांचं अर्धं काम व्याकरणात चालतं आणि शब्दयादीत ते दिसतच नाही. नायजेरियातल्या एदो भाषेचं उदाहरण नेहमी दिलं जातं: 'इ मा' दोन्ही खाली म्हटलं तर 'मी दाखवतो', वर-खाली म्हटलं तर 'मी दाखवत आहे', खाली-वर म्हटलं तर 'मी दाखवलं'. एकही अक्षर न बदलता काळ बदलतो. म्हणून प्रत्येक क्रियापद किमान पाच रूपांत घ्या: झालेली क्रिया, चालू, नेहमीची, आज्ञा, नकार, आणि प्रत्येक रूप 'मी', 'तू', 'तो' या तिघांसह. सर्वनामांत तर बऱ्याचदा फक्त सुराचा फरक असतो. एवेमध्ये 'तू' आणि 'तो' यांची क्रियापदाला चिकटणारी रूपं सुरानेच वेगळी होतात. वीस क्रियापदं अशी पूर्ण घेतलीत तर ती दोनशे अर्धवट क्रियापदांपेक्षा जास्त कामाची.

सिवूत एक गोष्ट मात्र मराठी माणसाला आयतीच हाताला लागते. गुळगुळीत, खरखरीत, चकचकीत, लुकलुक, भुसभुशीत असले शब्द आपल्याकडे रोजचे आहेत; सिवूत त्यांचा साठा प्रचंड आहे आणि भाषाविज्ञानात ही भाषा ओळखली जाते ती त्यासाठीच. 'गेलेगेले' म्हणजे चकचकीत, 'मिनिमिनी' म्हणजे गोल गरगरीत, 'वुरुफूऽ' म्हणजे मऊ पिसासारखं, 'मुकुमुकु' म्हणजे दात नसलेल्या तोंडाची चघळण्यासारखी हालचाल. युरोपीय अभ्यासक पूर्वी हे शब्द 'भावनेचे उद्गार' म्हणून बाजूला टाकत. मराठी बोलणाऱ्याला ते नेमकी माहिती देणारे शब्द आहेत हे समजावून सांगावं लागत नाही. कावूमध्ये अंत्यविधीला बंदुकीचे बार काढतात आणि त्यासाठी बंदुकीची दारू घरी कुटतात. दारू अजून 'सफराऽ', म्हणजे भरड आहे, की बारीक झाली, याची बोलणी असल्याच शब्दांत होतात, आणि बोटांच्या चिमटीत पूड चोळत होतात. असं काम चालू असताना चित्रीकरण करा. शब्द आणि हात दोन्ही हवेत. मागाहून खुर्चीत बसवून विचारलेल्या अर्थाला निम्मीही धार नसते.

पण हेच शब्द सूर-यादीत घालू नका. ते ताणले जातात, दुप्पट-तिप्पट होतात, आवाजाच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर वर किंवा खाली जातात. बोलणारा रंगात आला की उंच सूर आणखी उंच होतो. त्यांचे सूर अभ्यासायचेच, पण साध्या नामांची व्यवस्था हातात आल्यावर. शोकगीतांचंही तसंच. अक्पाफूची शोकगीतं मोलाची आहेत, पण गाण्याची चाल आणि शब्दाचा सूर यांत तडजोड असते, आणि ती मोजायला शब्दाचा सूर आधी माहीत असावा लागतो.

शेवटी लेखनाचा प्रश्न येतोच, कारण दोन महिने झाले की गावातले शिक्षक विचारतात, 'आम्ही सूर लिहायचे का, आणि कसे?' प्रत्येक अक्षरावर खूण घालायचा मोह आवरा. कॅमेरूनमधल्या येम्बा भाषेवरचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत बोलका आहे: सर्वत्र खुणा घातल्याने वाचनाचा वेग आणि अचूकपणा सुधारला नाही, उलट अडखळणं वाढलं. एवेच्या प्रमाण लेखनात सूर फारच थोड्या जागी दाखवतात, 'तू' आणि 'तो'सारख्या जिथे खरोखर गफलत होते तिथे. आणि मावू लोकांचे डोळे त्याच लेखनाला सरावलेले आहेत. म्हणून तुमच्या शब्दकोशाच्या नोंदीत सूर पूर्ण द्या, वाचनाच्या पुस्तकात मात्र सर्वनामं आणि क्रियापदांच्या रूपांपुरते. हे ठरवण्याआधी दोन पानांचे दोन नमुने छापून सहा-सात जणांकडून मोठ्यानं वाचून घ्या, कुठे मागे फिरून पुन्हा वाचलं त्या जागा पेन्सिलीने टिपा, आणि त्याच जागांवर खुणा घाला.